इनोव्हा २.५ ला इंटरकूलर: कोअर केवढा, कुठे बसवायचा आणि काय बिघडतं

प्रश्न असा आला आहे: "गाडी २०१२ ची इनोव्हा २.५ डिझेल, १ लाख ९० हजार किलोमीटर चाललेली. पाचोऱ्याहून संभाजीनगरला नेहमी जाणं असतं. एप्रिल-मे महिन्यात सात माणसं आणि एसी चालू असला की कन्नड घाटात गाडी दम टाकते, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागून काळा धूर. हिवाळ्यात हाच घाट तिसऱ्यावर चढते. गॅरेजवाला म्हणतो इंटरकूलर बसवा. बसवावा का? कोणता, कुठे, कसा?"

भाऊ, फरक पडेल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, आणि इंटरकूलर म्हणजे त्या दाबलेल्या गरम हवेला इंजिनात जाण्याआधी थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग. पण चुकीच्या जागी बसवला तर आज फक्त दम टाकणारी गाडी उद्या घाटात उकळायला लागेल. आपल्याकडे कोअर, म्हणजे इंटरकूलरचा फिनवाला मुख्य भाग, केवढा घ्यायचा याची चर्चा फार होते. त्यातून वारा किती जातो आणि तो तापलेला वारा पुढे कशावर आदळतो, हे मात्र कोणी बघत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात सगळं काम तिथेच अडतं.

आधी तुमच्या "हिवाळ्यात चढते, उन्हाळ्यात नाही" या वाक्याचा हिशेब करू. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. ०.८ बार बूस्ट (टर्बोने चढवलेला जादा दाब) आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली, तर डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना ९२ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडची ४५ अंशांची हवा आत घेतली की बाहेर पडते ती १३० अंशांना. दाब तोच, पण हवा पातळ. सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने साधारण दहा टक्के कमी भरते. पंपाने डिझेल तेवढंच दिलं की ते पूर्ण जळत नाही, धूर काळा होतो आणि एक्झॉस्ट तापतो. आता मध्ये ६५ टक्के परिणामकारकतेचा इंटरकूलर बसवला, तर १३० ची हवा ७५ अंशांवर येते. कोअर आणि पाइपांमध्ये थोडा दाब जातो, तो वजा करूनही ११-१२ टक्के जास्त हवा मिळते. म्हणजे मे महिन्यात गाडीला डिसेंबरचा दम परत मिळतो. यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवू नका. डिझेल इंजिनात ताकद इंधनातून येते आणि इंटरकूलर एक थेंबही डिझेल वाढवत नाही. तो धूर कमी करतो, एक्झॉस्टचं तापमान खाली आणतो आणि उन्हाने हिरावलेलं परत देतो, एवढंच.

कंपनीने तुमच्या गाडीत तो दिलाच नाही, हे खरं आहे. भारतातली २.५ इनोव्हा १०२ पीएस आणि २०० न्यूटन मीटरची, विना इंटरकूलर. त्याच २४९४ सीसीच्या कुळातलं इंजिन फॉर्च्युनर २.५ मध्ये इंटरकूलर आणि व्हेरिएबल टर्बोसह १४४ पीएस देतं. पण तो फरक एकट्या इंटरकूलरचा नाही. टर्बो आणि ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) मांडणी, सगळंच वेगळं आहे. "इंटरकूलर लावला की फॉर्च्युनर होते" असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे गाडी सोडू नका.

एक पैसाही खर्च करण्याआधी गाडी मुळात ठीक आहे का ते बघा. १ लाख ९० हजारांवर उन्हाळ्यातला काळा धूर नुसत्या गरम हवेचा क्वचितच असतो. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. टर्बोच्या तोंडावरचा होज काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवी किंचित ढिलाई चालते, पण चाक हाउसिंगला घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे जाणवेल एवढा सरकत असेल तर टर्बो आधी करावा लागेल. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकला सोडणारा व्हॉल्व) आणि इनटेक मॅनिफोल्ड उघडून बघा, या इंजिनात तिथे काजळीचा थर बसून रस्ता अर्धा होतो. इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजणं) करून घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून: इंजेक्टरच्या बुडाशी कॉपर वॉशर असतात, ते गळत असतील तर ज्वलनाचा वायू वर ऑइलमध्ये जातो, ऑइल डांबरासारखं होतं आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. मग टर्बोला तेल कमी पोचतं. अशा इंजिनावर इंटरकूलर चढवणं म्हणजे पैसे वाया. व्हॉल्व कव्हर उघडल्यावर इंजेक्टरभोवती काळा, कडक थर दिसला तर वॉशर बदला आणि चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) काढून जाळी साफ करा. बऱ्याच गाड्यांचा दम इथेच परत येतो, इंटरकूलरची गरजच उरत नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही बसवायचा असेल, तर कोअरकडे वळू.

या इंजिनाला ३६०० आरपीएमवर मिनिटाला साडेसहा-सात किलो हवा लागते. त्याला साधारण ४५० मिमी रुंद, १७५ ते २०० मिमी उंच, ६५ मिमी जाड कोअर पुरतो. ६०० बाय ३०० चा कोअर दिसायला भारी, पण तो कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटरचा श्वास कोंडतो. प्रकार दोन मिळतात. बार-अँड-प्लेट जड आणि मजबूत, उष्णता काही क्षण पोटात धरून ठेवतो. ट्यूब-अँड-फिन हलका, त्यातून वारा सहज आरपार जातो. रेडिएटरच्या पुढे बसवायचा असेल आणि गाडी घाटात ३० च्या वेगाने भरून चढणार असेल, तर माझं मत ट्यूब-अँड-फिनच्या बाजूने आहे. दगड लागून फिन दबते हे खरं, पण त्याला जाळी लावता येते. मागचा रेडिएटर उकळला तर त्याला उपाय नाही.

जागेचे तीन पर्याय असतात. इंजिनवर, बॉनेटला खाच पाडून, जसा फॉर्च्युनर-हायलक्सला असतो: पाइप आखूड, पण बॉनेट कापावं लागतं आणि खाली उभं इंजिन तापलेलं असतं. घाटात वेग कमी, समोरून वारा नाही आणि खालून आच. पंखा न लावता हा पर्याय आपल्याकडे निरुपयोगी आहे. दुसरा, चाकाच्या कमानीत आडबाजूला: वाहत्या वाऱ्याचा नेमका रस्ता बनवता आला तरच. तिसरा, पुढच्या बंपरच्या खालच्या तोंडामागे. इनोव्हाला हाच बसवा, पण खाली आणि रुंद, कंडेन्सरचा खालचा तिसरा हिस्साच झाकला जाईल असा. पूर्ण बंपरच्या खाली टांगला तर हळू वेगात रेडिएटरच्या पंख्याची ओढ त्याला मिळत नाही. पूर्ण कंडेन्सरसमोर लावला तर एसीचा प्रेशर चढतो. म्हणून हा मधला मार्ग.

पूर्ण भारावर इंटरकूलर सुमारे ६ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे २ किलोवॉटचे तीन गिझर रेडिएटरसमोर चालू ठेवल्यासारखं. म्हणून कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यात १५ ते २५ मिमी फट ठेवा. बाजूच्या मोकळ्या जागा मात्र जाड फोम किंवा पातळ पत्र्याने बंद करा. समोरून आलेला वारा कोअरला वळसा घालून बाजूने निघून जातो, तो फिनमधून जायला हवा. हे पंधरा मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि मग मोठा कोअर मागवतात.

पाइप ५० मिमी आतील व्यासाचा घ्या. त्यात हवेचा वेग पूर्ण भाराला सेकंदाला तीस-बत्तीस मीटर होतो, हे अगदी आरामात आहे. ६३ मिमीचा घेतलात तर दाबात जाणवेल असा काही फायदा होत नाही, आणि भरायची जागा मात्र दीडपटीच्या वर जाते. अडीच मीटर ५० मिमी पाइप आणि कोअर मिळून सात-आठ लिटर होतात. २००० आरपीएमला इंजिन तेवढी हवा ०.२ सेकंदात ओढतं, त्यामुळे पिकअपमधला उशीर जाणवण्याएवढा नसतो. लोक ज्याला लॅग म्हणतात तो बहुतेक वेळा गळक्या जोडाचा असतो.

पाइप अॅल्युमिनियमचे, दीड ते दोन मिमी जाडीचे, मॅन्ड्रेल बेंड असलेले, म्हणजे आत आधार देऊन वाकवलेले. वाकवताना चपटे झालेले नकोत. जळगावात पीव्हीसी पाइपाला तोटा नाही, आणि कोणी तरी "तात्पुरता" तोच लावून देतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि टर्बोतून बाहेर येणारी हवा १३० अंशांची आहे. पहिल्या चढालाच जोड सुटेल. तसंच रेडिएटरचा काळा होज कापून लावू नका. टर्बोच्या हवेत ऑइलची वाफ असते, त्याने ते रबर फुगतं आणि पापुद्रे सुटतात. टर्बोकडच्या गरम बाजूला आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेला चार पदरी सिलिकॉन होज, थंड बाजूला साधा सिलिकॉन चालतो. प्रत्येक पाइपाच्या टोकाला उभार हवाच, नाहीतर बूस्ट आला की होज घसरून निघतो. क्लॅम्प टी-बोल्टचे. साधे स्क्रूचे क्लॅम्प सिलिकॉनमध्ये रुततात आणि कापतात. टी-बोल्ट ६ ते ८ न्यूटन मीटरला पुरतो. "अजून थोडा" म्हणून आवळणाऱ्या फिटरला थांबवा.

आता बसवणं. गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बंपर आणि जाळी उतरवा. बंपरमागची लोखंडी आडवी पट्टी अपघाताचा मार झेलायला असते, तिला भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नाही. रेडिएटर सपोर्टजवळ एअरबॅगचा सेन्सर असेल तर तो जिथे आहे तिथेच राहू द्या. ब्रॅकेट रेडिएटर सपोर्टच्या असलेल्या बोल्टांवर घ्या आणि कोअर रबरी बुशवर टांगा. घट्ट आवळून बसवलेल्या कोअरची टाकी रस्त्याच्या हादऱ्याने वेल्डिंगच्या शिवणीवर चिरते. एसीचे पाइप सोडायची गरज नसते. कोणी सोडू लागला तर जागा चुकली आहे असं समजा.

मग पाइपांचा रस्ता. सगळे तुकडे आधी टेपने जोडून उभे करा, बंपर तात्पुरता लावून बघा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. इंजिन माउंटवर हलतं, बॉडी हलत नाही. त्यामुळे टर्बोच्या तोंडाशी एक आणि इनटेकच्या आधी एक, असे दोन लवचीक जोड लागतातच. बेल्टपासून २५ मिमी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून शक्य तेवढं लांब. थंड पाइपाला एक्झॉस्टजवळूनच जावं लागलं तर उष्णतारोधक पट्टी त्याच्यावर गुंडाळा. थंड बाजूचा पाइप ईजीआर जिथे इनटेकला मिळतो त्याच्या आधीच जोडला गेला पाहिजे, नंतर नाही.

पाइप कापल्यावर आत अॅल्युमिनियमचा कीस राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण बोट फिरवलं की टोचतो. टिग वेल्डिंग आतून झिरपलं असेल तर तिथे छोटे मणी लटकलेले असतात. ते पहिल्या बूस्टला सुटून सरळ सिलिंडरमध्ये जातात. प्रत्येक तुकडा आतून घासा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरने सुकवा, पांढरं फडकं ओढून बघा. फडक्यावर चमक दिसली तर पुन्हा. नवीन कोअरही असाच धुवायचा, खोक्यातून काढून सरळ लावायचा नाही. भंगारातला वापरलेला कोअर स्वस्त पडतो, पण त्या गाडीचा टर्बो फुटलेला असेल तर आत धातूचे तुकडे आणि पावशेर ऑइल असतं. तुकडे इंजिन खातात. ऑइल त्याहून वाईट: डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं आणि पॅडलवर पाय नसताना आरपीएम चढत जातं. चावी बंद करून थांबत नाही. अशा वेळी सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन अडवून बंद करायचं.

वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) बारीक नळी टर्बोच्या हाउसिंगवरच राहू द्या. ती इंटरकूलरच्या पुढे नेली तर कोअरमध्ये गेलेला दाब भरून काढायला टर्बो जास्त फिरतो. मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर जागेवरच. जुन्या पंपाच्या गाड्यांमध्ये पंपावरच्या बूस्टच्या डबीला जाणारी नळी मात्र इंटरकूलरनंतरच्या बाजूनेच हवी.

बंपर चढवण्याआधी गळतीची चाचणी. टर्बोच्या तोंडावर जाड रबरी टोपी, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व, क्रँककेसच्या वाफेची नळी काढून बुजवलेली. हवा १ बारपर्यंत, म्हणजे १४-१५ पीएसआय, आणि मध्ये रेग्युलेटर असल्याशिवाय नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभराच्या वर दाब असतो, तो थेट सोडला तर टोपी तोंडावर येईल. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर आणि कोअरच्या शिवणीवर. सावकाश येणारे बारीक फुगे इंजिनाच्या उघड्या व्हॉल्वमधून हवा जात असल्याचे नसतात, ती हवा आतून निघून जाते. बाहेर फुगा आला म्हणजे जोड गळतो.

रस्त्यावर मोजमाप केल्याशिवाय काम झालं असं धरू नका. कोअरच्या दोन्ही बाजूंना के-टाइप थर्मोकपल, आणि ओबीडी स्कॅनरवर कूलंटचं तापमान. धुळे बायपासवर ८० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं, मग भरलेल्या गाडीने चढ. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक भागिले आत जाणारी हवा आणि बाहेरची मोकळी हवा यांच्या तापमानातला फरक, ही परिणामकारकता. १३० ची ७५ झाली आणि बाहेर ४५ असेल तर ५५ भागिले ८५, म्हणजे ६५ टक्के. हायवेवर ६० च्या खाली असेल तर वारा बाजूने निसटतो आहे, फोम बघा. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक एकाच गेजने मोजा, ०.१ बारच्या वर गेला तर कोअर किंवा एखादा बेंड अरुंद आहे. आणि घाटात कूलंट आधी ९० वर स्थिर राहत होतं ते आता १०० ओलांडत असेल किंवा चढावर एसीचा कॉम्प्रेसर वारंवार बंद होत असेल, तर कोअर खाली घ्या. त्याआधी पंख्याचं व्हिस्कस कपलिंगही तपासा: गरम इंजिन बंद केल्यावर पंखा लगेच अडकून थांबायला हवा, गरगर फिरत राहिला तर कपलिंग संपलं आहे. जुन्या गाड्यांत दोष इंटरकूलरला लागतो आणि गुन्हेगार हे कपलिंग असतं.

बसवल्यावर दम उलट कमी झाला, शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर वाढला, स्कॅनरवर पी०२९९ (बूस्ट कमी पडल्याचा कोड) आला, तर आधी गळका जोड शोधा. धूर निळा असेल तर टर्बोचं सील. कोअरच्या तळाशी चमचाभर ऑइल सापडणं नेहमीचं आहे, वाटीभर सापडलं तर टर्बोकडे बघा.

रीमॅपचा, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून डिझेल वाढवण्याचा, विषय निघणारच. इंटरकूलरनंतर डिझेल थोडं वाढवायला जागा होते, पण टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान मोजणारा गेज लावल्याशिवाय करू नका आणि ते ७०० अंशांच्या आत ठेवा. डिझेलच्या रेलवरच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीवरच्या) प्रेशर सेन्सरला फसवणारी डबी लावणं टाळा. ती रेलचा दाब वाढवते आणि जुने इंजेक्टर तोच सहन करत नाहीत. दोन लाखांकडे आलेला क्लच जास्तीच्या टॉर्कला आधी घसरतो. कागदाचंही बघा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. बॉनेट कापलं, ताकद वाढवली की विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, आणि इंटरकूलर बसवल्यानंतर पीयूसी लगेच करा.

देखभाल आपल्या भागापुरती सांगतो. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प एकदा तपासा, सिलिकॉन बसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जाणं असेल तर फिनमध्ये रुईचा पदर बसतो, त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि आठवड्याभरात नमदा तयार होतो. पुढे जाळी लावा, पण १० मिमी भोकांची. मच्छरदाणीची बारीक जाळी लावली तर वाराच अडतो. धुताना मागून पुढे, साध्या नळाच्या दाबाने. वॉशिंग सेंटरची गन जवळून मारली की फिन आडव्या होतात आणि त्या सरळ करत बसावं लागतं. मार्चमध्ये, ऊन चढण्याआधी, जाळी काढून एकदा आतला भाग टॉर्चच्या उजेडात बघा: मागचा कंडेन्सर जिथे दिसत नाही तिथे अजून रुई आहे.